क्रॉस स्टिच: १४० घरांच्या चित्रात एका घराची चूक. उसवू की राहू देऊ?

कोयरी
मंडळी, सात महिन्यांपासून एक चित्र भरतेय. खिडकीत बसलेलं मांजर, उजवीकडे पडदा, चौकटीवर चढलेला वेल. १४ काउंटचं आयडा (क्रॉस स्टिचचं चौकटीचं कापड, इंचाला १४ घरं, एका घरात एक फुली), नमुना १४० बाय १८२ घरांचा, म्हणजे पूर्ण झाल्यावर १० बाय १३ इंच. आजवर पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या पट्ट्या तेवढ्या केल्या होत्या. हे पहिलंच मोठं काम.

कापडाची चौघडी घालून मध्य काढला आणि तिथून सुरुवात केली. मांजर झालं, मग पडदा, वेल, उजवी चौकट. काल रात्री खालच्या फळीची पहिली ओळ भरत चौकटीपाशी पोचले, तर मध्ये एक घर रिकामं! तीनदा मोजलं. शेवटी मागेमागे जात चूक सापडली. मांजर आणि पडदा यांच्यामध्ये १२ घरं कोरी सोडायची होती, मी १३ सोडलीत. तिथून पुढचं सगळं, पडदा, वेल, चौकट, एकेक घर उजवीकडे सरकलंय. साधारण २,३०० टाके.

घरात सगळ्यांना दाखवलं, कुणालाच काही दिसलं नाही. मला मात्र आता तेच दिसतंय. उसवू का?

मोरपिशी
अगं बाई! २,३०० टाके म्हणजे किती संध्याकाळी गेल्या असतील. राहू दे. भिंतीवर लागल्यावर कोण मोजायला येतंय?

अबोली
मोरपिशीला अनुमोदन. फोटो टाक ना.

काटेकोर
मी उलट सांगतो. उसवा. माझ्याकडे एक गलबताचं चित्र होतं, त्यात डोलकाठी दोन घरं तिरपी गेली होती. मीही तेव्हा म्हटलं, कोण मोजतंय. फ्रेम करून लावलं. दोन वर्षं रोज येता-जाता नजर त्या डोलकाठीवरच. शेवटी फ्रेम उघडली, डोलकाठी आणि शिडं उसवली, नव्याने भरली. फ्रेममधून काढल्यावर कापड पुन्हा ताणून बसवणं हा वेगळाच ताप. तेव्हाच उसवलं असतं तर चार दिवसांचं काम होतं.

कोयरी, तुम्ही स्वतःच लिहिलंय की आता तेच दिसतंय. मग ते पुढेही दिसणार.

दुपारची_उन्हं
वाचतेय. माझंही असंच एक कपाटात पडून आहे.

आकडेमोड
कोयरी, घाईने कात्री लावू नका. आधी चार गोष्टी सांगा.
वरची चौकट झाली आहे का?
डावी बाजू किती झाली आहे?
फळीवर साधा एकच रंग आहे की नक्षी?
आणि उजवीकडे कापड किती शिल्लक आहे?

सातवा_पदर
उसवायचंच ठरलं तर नीट पद्धतीने कर. सुईने ओढत बसू नकोस, आयड्याची भोकं मोठी होतात आणि नवा टाका त्यात सैल बसतो. टोकदार छोटी कात्री घे. सुलट बाजूने टाक्याचा वरचा पाय, म्हणजे फुलीतला वरचा तिरका दोरा, सुईवर उचलायचा, कापायचा. असे आठ-दहा कापले की कापड उलटायचं आणि चिमट्याने मागून दोऱ्याचे तुकडे ओढायचे. गडद रंगाचा भुरा कापडात अडकून राहतो, त्यावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचलायची.

उसवलेला दोरा परत वापरू नकोस. त्याची लव गेलेली असते, बाजूच्या नव्या टाक्यांशेजारी मळका दिसतो.

बोथट_सुई
चूक होऊच नये म्हणून काय करायचं तेही इथे यायला हवं, कारण मोजणीतली चूक बहुतेक वेळा कोऱ्या जागेतच होते. भरलेले टाके डोळ्यांना मोजता येतात, रिकामी घरं फसवतात. मी मोठ्या कामात आधी दर १० घरांवर धावदोरा घालून जाळी आखून घेते. नमुन्यावरही दर १० घरांना जाड रेघ असतेच. मग १२ मोजायचे म्हणजे एक चौकोन आणि दोन घरं, झालं. जाळीला साधा शिवणाचा दोरा घेतला तर टाक्याची सुई त्यातून आरपार जाते आणि नंतर तो निघत नाही. म्हणून मासेमारीची बारीक नायलॉन दोरी घेते. सुईने भोसकली जात नाही, शेवटी सुळकन निघते.

लडी
मी पेनाने आखते, पाण्याने जाणारा निळा पेन मिळतो तो.

बोथट_सुई
लडी, तो चालतो, फक्त धुण्याआधी इस्त्री फिरवायची नाही. उष्णतेने ती शाई कापडात पक्की बसते. आणि इस्त्रीने पुसले जाणारे पेन असतात ना, ते तर मी टाळतेच. त्यांची रेघ उष्णतेने दिसेनाशी होते, जात नाही. खूप थंडीत परत उमटते.

लडी
बापरे. हे माहीतच नव्हतं. आजच पेन बाजूला ठेवते.

निवांत
एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. छापील नमुना समोर ठेवून घराघरात रंग भरायचा, यात आपलं स्वतःचं काय? आमच्या घरी यावरून वाद चालतो. मी चित्रं काढतो, बायको क्रॉस स्टिच करते.

काटेकोर
निवांत, लिहून ठेवलेली गत वाजवणाऱ्याला आपण असं विचारतो का?

मोरपिशी
बायकोला हा चर्चेचा धागा दाखवू नका, निवांत.

अबोली
मला वाटतं प्रश्न चुकीचा नाही. मी पहिली चार वर्षं नमुन्याबाहेर एक टाका घातला नाही. नंतर एका पक्ष्याच्या पंखाचा निळा मला थंड वाटला. दोऱ्याच्या दोन पदरांपैकी एक पदर नमुन्यातला ठेवला आणि एक जांभळट घेतला, दोन्ही एकाच सुईत. पंख असा काही उजळला की मीच बघत राहिले. दोन रंगांचे पदर एकत्र ओवणं ही काही माझी युक्ती नाही, पुष्कळ नमुन्यांत असतं. पण तो जांभळा मी निवडला होता. तेव्हापासून नमुना माझ्यासाठी सुरुवात असते.

निवांत
अबोली, हे पटलं. पदर मिसळण्याचं ऐकून उत्सुकता वाढली. रंग किती मिळतात यात?

लडी
एकट्या डीएमसी कंपनीच्या साध्या सुती दोऱ्यात ५०० रंग आहेत. प्रत्येकाला क्रमांक. ३१० म्हणजे काळा, हा इथे प्रत्येकाला पाठ असेल. अँकर कंपनीच्या दोऱ्यात तोच ४०३. एका लडीत ८ मीटर, दोरा सहा पदरी, त्यातले १४ काउंटला बहुतेक जण दोन पदर घेतात.

सातवा_पदर
आणि पदर एकेक करून सुटे काढायचे, मग परत जोडायचे. दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. एक पदर चिमटीत धरून सरळ वर ओढला की बाकीचे पाच खाली गोळा होतात आणि मग आपोआप सुटतात. नव्या माणसाला हे दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

माझं नाव सातवा पदर का, असं विचारतात. सहा पदरांत न मावणारी हौस आहे म्हणून.

कोयरी
बापरे, किती प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आकडेमोड, तुमची उत्तरं:
वरची चौकट अजून सुरूही केलेली नाही. साधी तपकिरी आहे, वेलाची दोन-तीन पानं त्यावर येतात.
डावी बाजू पूर्ण कोरी.
फळीवर नक्षी आहे, दर ७ घरांनी तीच परत येते.
उजवीकडे तीन इंच कापड आहे.

सातवा पदर, कापायची पद्धत लिहून घेतली. हात मात्र धजत नाहीये.

डावखुरा
नक्षीत चूक असती तर मीही उसवा म्हटलं असतं, पण ही तर कोऱ्या जागेतली आहे. तो एका घराचा फरक डोळ्यांना कळणं अवघड. मला विचाराल तर टाक्यांची दिशा जास्त महत्त्वाची. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला हवा. मी डावखुरा असल्याने माझे सगळे वरचे पाय इतरांच्या उलट असतात, त्याने काही बिघडत नाही, पण एकाच कामात निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे झाले तर उजेड वेगवेगळा परावर्तित होतो आणि भरीव जागेत ठिगळं दिसतात. कापड आडवं धरून भरायची सवय असेल तर हमखास होतं.

दुपारची_उन्हं
ओळभर अर्धे टाके घालून परत येताना फुली पूर्ण करायची की प्रत्येक फुली तिथेच पुरी करायची? मला दुसरं जमतं, पण मैत्रीण म्हणते पहिलं बरोबर.

सातवा_पदर
दोन्ही बरोबर. ओळभर जाऊन परत आलं की मागची बाजू सुबक येते आणि हात भरभर चालतो. छटा बदलत जाणारा दोरा असेल तर मात्र फुली तिथल्या तिथे पुरी कर, नाहीतर खालचा पाय गुलाबी आणि वरचा हिरवा होतो.

नेढं
मागच्या बाजूचा विषय निघालाच आहे तर सांगते. उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसली पाहिजे, नाहीतर ते भरतकाम नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. त्या धास्तीने दहा वर्षं सुई हातात धरली नव्हती. मग इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं की चित्र फ्रेममध्ये जाणार आहे, मागे पुठ्ठा येणार आहे. तो दिवस आणि आजचा दिवस, माझी एकोणीस कामं पुरी झालीत.

काटेकोर
नेढंताई, एकोणीस कामांचं कौतुकच आहे. पण मागची बाजू अगदीच सोडून देऊ नये, त्यालाही कारणं आहेत. पांढऱ्या कापडावर काळा दोरा मागून लांब उडी मारून नेला तर पुढून सावली दिसते. गाठी मारल्या तर फ्रेममध्ये दाबल्यावर टेंगळं येतात. माझी मागची बाजू फार देखणी नसते, पण गाठ नाही आणि तीन-चार घरांपेक्षा लांब उडी नाही.

नेढं
हे मान्य. गाठ मीही मारत नाही. दुप्पट लांबीचा एकच पदर घेते, मध्यात दुमडते, दोन्ही टोकं नेढ्यातून ओवते. पहिला अर्धा टाका घालून सुई मागे गेली की तिथे फास तयार असतो, त्यातून सुई काढायची. ओढलं की बसला. ना गाठ, ना शेपटं.

दुपारची_उन्हं
हे आत्ता करून बघितलं!!! इतकी वर्षं टोक बोटाने दाबून धरत होते.

मोरपिशी
कुणाकडे घुबडाच्या नमुन्याची पीडीएफ आहे का? तीन घुबडं फांदीवर बसलेली.

बोथट_सुई
मोरपिशी, तो विकत मिळणारा नमुना आहे, इथे टाकू नका. एकेक घर बसून रंगवणाऱ्या माणसाचं पोट त्यावर असतं. मोफत दिलेले नमुनेही पुष्कळ आहेत, घुबडांचेच हवे असतील तर मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मोरपिशी
बरोबर आहे. लक्षात आलं नाही. व्यनिची वाट बघते.

पोक्त_नजर
मी निवृत्तीनंतर सुरू केलं. पुरुषाने सुई घेतलेली पाहून लोकांना नवल वाटतं, म्हणून एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अलेक्सिस कासडाग्ली नावाचे ब्रिटिश मेजर १९४१ साली क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी हाती लागलेल्या दोऱ्यांनी, त्याच वर्षी डिसेंबरात, एक नमुनापट, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेलं कापड, भरला. भोवतीची नक्षी म्हणजे ठिपके आणि रेघा. ते मोर्स लिपीत होतं. एका ओळीत राजाला दीर्घायुष्य चिंतलेलं आणि दुसऱ्या ओळीत हिटलरला शिवी! कैद करणाऱ्यांना पत्ता नाही. त्यांनीच तो कौतुकाने छावणीत मांडला.

तेव्हापासून मी काठाच्या नक्षीकडे नुसती नक्षी म्हणून बघत नाही.

निवांत
पोक्त नजर, जबरदस्त! हे वाचून दाखवलं घरी. बायको म्हणाली, आता तूच सुई घे.

अबोली
जुन्या कामांचा विषय निघालाय तर कोयरीसाठी एक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिचा १५९८ सालचा नमुनापट आहे. साल भरलेला सगळ्यांत जुना इंग्लिश नमुनापट तो. क्रॉस स्टिच आहे, दुसरेही टाके आहेत, मोती आहेत. ॲलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद त्यावर भरलेली आहे. आणि त्याच कापडावर भरून नंतर उसवलेल्या आकृत्यांच्या खुणाही आहेत. चारशे वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी कात्री घेऊन बसलं होतं.

कोयरी
अबोली, हे वाचून खरंच बरं वाटलं.

लडी
पॅलेस्टिनी तत्रीझ ही भरतकलाही बघा कुणी. पोशाखांवर दाट फुल्या. युनेस्कोने २०२१ साली तिची वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्याकडच्या कसुतीतला, म्हणजे कर्नाटकातल्या भरतकामातला, मेंथी टाका म्हणजेही फुलीच. त्यात कापडावर काहीही छापत नाहीत, आखत नाहीत, धागे मोजतच भरायचं. आयड्यावर घरं तयार असताना आपण चुकतो, त्या बायका साडीच्या पोतावर मोजतात!

पोक्त_नजर
नजरेचं काय करता सगळे? मला रात्री काळा रंग भरता येत नाही.

सातवा_पदर
काका, गडद कापड असेल तर मांडीवर पांढरा रुमाल पसरा. भोकांतून खालचा पांढरा दिसतो आणि घरं सापडतात. दिवा डाव्या खांद्यावरून घ्या, उजव्या हाताने भरत असाल तर हाताची सावली पडत नाही. आणि काळा रंग दिवसाउजेडी.

आकडेमोड
माफ करा, दोन दिवस इकडे येणं झालं नाही. कोयरी, काही उसवलं नाहीत ना?

कागदावर मांडून पाहिलं. तुमचं मांजर जागेवर बरोबर आहे. पडदा, वेल आणि चौकट आपापसात बरोबर आहेत, फक्त तो सगळा भाग एक घर पुढे गेलाय. म्हणजे चित्र १४० ऐवजी १४१ घरांचं करायचं. १४ काउंटला एक घर म्हणजे इंचाचा चौदावा भाग. उजवीकडे तीन इंच कापड आहे, फ्रेमला अडचण नाही.

आता हे जादा घर कुठे कुठे लपवायचं? कोऱ्या जागेत ते लपलेलंच आहे. वरची चौकट साधी तपकिरी, तिथे एक टाका जास्त घाला, वेलाचं एक पान एक घर पुढे सरकवा. राहिली फळी. तिथे ७ घरांची नक्षी आहे, १४० ला ७ ने भाग जातो, १४१ ला नाही. कोपऱ्यात जादा घर घातलं तर नक्षी तिथे अडखळेल आणि चौकटीच्या सरळ रेघेशेजारी ते डोळ्यांत भरेल.

पण तुम्ही टाकलेल्या फोटोत मांजराची शेपूट फळीवरून खाली लोंबतेय. ती नक्षीला मध्येच तोडते. शेपूट एक घर जाड करा. शेपटीच्या उजवीकडची नक्षी एक घर पुढून सुरू होईल आणि चौकटीला बरोबर जाऊन भिडेल. उसवायची फक्त फळीची पहिली ओळ, शेपटीपासून उजवीकडची.

बोथट_सुई
वा! वा! आकडेमोड, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

सातवा_पदर
शेपूट! हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काटेकोर
मान्य करतो, हे माझ्या डोलकाठीला लागू झालं नसतं, पण इथे चपखल बसतंय. एकच सूचना. शेपटीची कड अजून उलट टिपेने (बॅक स्टिचने) आखली नसेल तर आखणी शेवटी करा, नव्या जाडीवर.

कोयरी
कड आखलेली नाही! सगळ्या उलट टिपा शेवटी घालायच्या म्हणून ठेवल्यात.

मी मोजलं. शेपटीच्या उजवीकडे ४१ टाके. २,३०० नाही, ४१.

दुपारची_उन्हं
कोयरी, कर आणि लगेच सांग. मी रोज हा धागा उघडून बघतेय.

नेढं
मीही.

कोयरी
झालं! काल बसले. सातव्या पदराने सांगितलं तसंच, वरचा पाय उचलायचा, कापायचा. पहिल्या टाक्याला हात थरथरला. पाचव्यानंतर सवय झाली. मागून चिमट्याने ओढताना बारीक करड्या तुकड्यांचा ढीग झाला, एवढासा, नखावर मावेल इतका. भोकं थोडी मोठी दिसत होती, सुईच्या टोकाने कापडाचे धागे इकडून तिकडे सारखे केले तर परत मिटली.

मग शेपटीत एक उभी रांग. नमुन्यात शेपटीच्या मध्यावर फिकट रंगाची एकच रांग होती, तिथे अबोलीचं ऐकून एक पदर फिकट आणि एक गडद घेतला. शेपूट जाड वाटण्याऐवजी गोल वाटायला लागली. आज फळीची ओळ चौकटीला जाऊन भिडली. शेवटची फुली चौकटीच्या फुलीच्याच भोकात उतरली. फोटो टाकलाय.

अबोली
तो मिसळलेला पदर किती छान बसलाय!

आकडेमोड
अभिनंदन. आता डावी चौकट करताना मोजणी मांजरापासून घ्या, नमुन्याच्या कडेपासून नको.

कोयरी
हो. आणि आधी जाळी आखणार, नायलॉनची दोरी आणलीय. आता धुण्याचं विचारते. पडदा लाल आहे, रंग सुटला तर?

बोथट_सुई
गार पाणी, सौम्य साबण. रंग सुटलाच तर घाबरून पिळू नकोस आणि वाळू तर मुळीच देऊ नकोस. पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात खळबळत राहायचं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, टॉवेलवर सुलट बाजू खाली ठेवून मागून इस्त्री. आणि हो, रोज काम थांबवलं की कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेव, नाहीतर तिचा वळ कापडावर राहतो.

निवांत
फोटो मोठा करून बघतोय. शेपटीतली कुठली रांग जादा आहे, दाखवा ना.

कोयरी
निवांत, डावीकडून तिसरी. पण तुम्हाला सुई घ्यायला सांगितली होती ना घरी?

निवांत
घेतली. घुबड करतोय. मोरपिशीचंच.